लई लवकर आलासा की!

रविवारी सकाळी नऊला मिसळ खायला जमायचं ठरलेलं, आणि आमचा एक मित्र निवांत दहाला आला. टेबलावरून लगेच आवाज, "या पाव्हणं, लईऽऽ लवकर आलासा की!" सगळे हसले, तो पण हसला. फक्त माझा साडेचार वर्षांचा भाचा, शेव वेचून खात बसलेला, तो थांबला आणि म्हणाला, "मामा, त्यो तर उशिरा आला."

पोराचं काही चुकलं नाही. मुलांना असं बोलणं साधारण पाच-सहा वर्षांपासून कळायला लागतं, कारण त्यासाठी शब्दांचा अर्थ कळून भागत नाही, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे तेही ओळखावं लागतं. तोवर त्यांना वाटतं की हा माणूस चुकला तरी किंवा खोटं तरी बोलतोय.

आपण याला उपरोध म्हणतो, आणि मला हा शब्द फार आवडतो. मूळ संस्कृत, उप अधिक रुध्, रुध् म्हणजे अडवणे. विरोध, अवरोध, निरोध ही सगळी त्याचीच भावंडं. संस्कृतात उपरोध म्हणजे सरळ अडथळा, त्रास. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत रथ थांबवायला सांगतो ते तपोवनात राहणाऱ्यांना 'उपरोध' नको म्हणून, तिथं टोमण्याचा काही संबंध नाही! मराठीत मात्र तो खोचक बोलण्यासाठी रुळला. इंग्रजीतला 'सार्कॅझम' याहून जहाल, त्याच्या मुळाशी ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस आणि त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ मांसाचे लचके तोडणे. 'आयरनी' आली 'आयरन' वरून, म्हणजे ग्रीक नाटकातलं मुद्दाम अडाणीपणाचं सोंग घेणारं पात्र.

पण खरी गंमत त्या लांबवलेल्या 'लईऽऽ' मध्ये आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रट नावाच्या काव्यशास्त्रकाराने वक्रोक्तीचे, म्हणजे आडवळणाच्या बोलण्याचे, दोन प्रकार सांगितले, एक श्लेष आणि दुसरा काकु. काकु म्हणजे आवाजाचा हेल, त्यानंच अर्थ फिरतो. किती आधी ओळखलं बघा! आणि मेंदूचं म्हणाल तर 2005 साली इस्रायलमधल्या संशोधकांना दिसलं की कपाळामागच्या भागाला, त्यातही उजव्या बाजूला इजा झालेल्या लोकांना उपरोध ओळखणं जड जातं. भाषा शाबूत असते, वाक्य समजतं, पण त्यातला टोमणा निसटतो.

पुढच्या रविवारी तोच मित्र परत लेट, तर एकानं ग्रुपवर तेच वाक्य टाइप केलं. रिप्लाय आला, "सॉरी, आईला दवाखान्यात नेलंय." तो बिचारा दुखावला होता, टाइप करणाऱ्याला तर फार वाईट वाटलं. अमेरिकेत याच विषयावर 2005 सालीच एक प्रयोग छापून आला. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपलं गंभीर बोलणं कुठलं आणि उपरोधिक कुठलं ते वाचणारा 78 टक्के वेळा ओळखेल, प्रत्यक्षात ओळखलं 56 टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडंसंच जास्त. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा 73.

आमच्या ग्रुपवर आता असलं काही बोलायचं असेल तर व्हॉइस मेसेजच टाकतात.