आधी शिलाई की आधी छपाई: ऑटोमॅटिक टी-शर्ट प्रिंटिंगची पार्श्वभूमी

सिंहस्थ २०२६-२७ चा, आणि त्याच्या तोंडावर नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत टी-शर्ट छापणाऱ्यांमध्ये परत तीच चर्चा चालू झालीये, ऑटोमॅटिक मशीन टाकायचं का, टाकलं तर गोल की लांबट ओव्हल, आणि माल शिवलेला घ्यायचा की कटिंग, म्हणजे कापलेले सुटे पार्ट, आणून छापायचं आणि मग शिवायचं. हा तिसरा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि बाकीचं सगळं त्याच्यावरच ठरतं.

रेशमाच्या जाळीतून शाई दाबून छापायचं, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगचं, पेटंट मँचेस्टरला १९०७ मध्ये निघालं, तो भाग सोडून देऊ. आपल्या कामाची गोष्ट १९६० च्या दशकात अमेरिकेत सुरू होते. तिथे दोन गोष्टी जवळपास एकाच सुमारास आल्या, एक म्हणजे कपड्यासाठी गोल फिरणारं मल्टीकलर मशीन आणि दुसरी प्लास्टिसॉल नावाची शाई. मशीनचं कौतुक सगळे करतात पण माझ्या मते खरं काम प्लास्टिसॉलनं केलं. ही शाई हवेनं वाळतच नाही, साधारण १६० डिग्रीला पकते, म्हणजे स्क्रीनवर जेवणाच्या सुट्टीभर पडून राहिली तरी जाळी बंद होत नाही. पाण्याच्या शाईवर एप्रिल-मेच्या नाशिकच्या कोरड्या हवेत काम करून बघा, हेल्पर अर्धा वेळ स्प्रे मारत आणि जाळी पुसत बसतो. शाई स्क्रीनमध्ये टिकते आणि मधे फ्लॅश मारला, म्हणजे हीटरनं काही सेकंद वरवर सुकवली, की वरून दुसरा रंग बसतो, हे जमलं म्हणून मशीन न थांबता फिरवता आलं.

पण त्या मशीनचा आकार कुठून आला बघा. अमेरिकेत टी-शर्ट मिलमधून शिवून यायचा आणि छापणारा वेगळाच असायचा, त्यामुळे मशीन शिवलेल्या टी-शर्टभोवती बांधलं गेलं, पॅलेट, म्हणजे टी-शर्ट चढवायची फळी, गळ्याकडे निमुळती, टी-शर्ट तिच्यावर चढवायचा आणि काढायचा. पॅलेट जिथे थांबते ती जागा म्हणजे स्टेशन, ती मोजताना एक जागा चढवायला, एक काढायला, म्हणून आठ रंगांचं मशीन दहा स्टेशनचं. वर फ्लॅश ठेवला की तोही एका हेडची, म्हणजे एक रंग छापणाऱ्या भागाची, जागा खातो, म्हणजे गडद कपड्यावर पांढरा बेस मारायचा असेल तर आठातले सहा-सात रंगच हाती राहतात. कॅटलॉगमध्ये हे कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

तिरुपूरचं उलटं. कापड, डाईंग, कटिंग, शिलाई सगळं एकाच गावात, त्यामुळे तिथे पुढचा पार्ट कापून लांब टेबलावर गम लावून चिकटवायचा, माणसं स्क्रीन घेऊन टेबलाच्या कडेनं सरकणार, आणि मग शिलाई. २००५ च्या १ जानेवारीला निर्यातीचा कोटा संपला, ऑर्डरी फुगल्या, आणि ओव्हल मशीन ह्या टेबलवाल्या पद्धतीला बरोबर बसलं, पॅलेट वाढवता येतात, मधे फ्लॅश कितीही टाका. टेबल प्रिंटिंगला मागासलेलं म्हणणारे इथे बरेच भेटतात, ते चूक आहे, मोठ्या साइझचे आणि कडेपर्यंत जाणारे प्रिंट टेबलवालेच नीट करतात.

आता नाशिकचा वाद. कटिंगवाल्यांचं म्हणणं असं की प्रिंट बिघडला तर एक पार्ट गेला, अख्खा टी-शर्ट नाही गेला, आणि शिलाईच्या जाड कडा पॅलेटवर येत नाहीत म्हणून स्क्रीन सपाट बसते. दोन्ही खरं आहे, पण बिघडलेला पार्ट बदलायचा म्हणजे त्याच थानातला, त्याच शेडचा दुसरा पार्ट लागतो, त्यासाठी प्रत्येक कटिंगला नंबरचं स्टिकर आणि बंडल जसंच्या तसं परत बांधायचं. शाई पकवायच्या ड्रायरमधून काढल्यावर होजिअरी आक्रसते ते वेगळंच, पुढचा पार्ट लहान आणि मागचा मोठा, मग शिलाईवाला छापणाऱ्याला शिव्या घालतो आणि छापणारा कापडवाल्याला. तिरुपूरला हे सगळे एका आवारात असतात म्हणून संध्याकाळपर्यंत मिटतं. इथे शिलाई एकीकडे, छपाई दुसरीकडे, कापड तिसरीकडून ट्रान्सपोर्टनं आलेलं, कोणाची चूक ते ठरवेपर्यंत डिलिव्हरीची तारीख जाते. इथला बहुतेक धंदा शिवलेला टी-शर्ट बाहेरून आणून छापून द्यायचा आहे, आणि त्याला गोल मशीनच बसतं. खराबीचा धाक असेल तर पहिले पाच-दहा पीस रिजेक्शनच्या टी-शर्टवर काढा, रजिस्ट्रेशन बसलं, म्हणजे सगळे रंग आपापल्या जागी पडले, की मग माल चढवा.

स्पीडचं गणितही ह्यातच अडकतं. ताशी हजाराच्या आसपास पीस म्हणतात, पण फ्लॅशला सहा सेकंद लागत असतील तर मशीन सहा सेकंदाला एकदाच सरकणार, म्हणजे तासाला सहाशे, तेही चढवणाऱ्याचा हात एकदाही चुकला नाही तर. शिवाय ड्रायरचा पट्टा तेवढा माल पकवू शकला पाहिजे. दोन हजारच्या दशकात लोडशेडिंग होतं तेव्हा लाइट गेली की पट्टा थांबायचा आणि हीटरखालचा माल करपायचा, म्हणून बऱ्याच जणांनी तेव्हा ऑटोमॅटिकचा विचारच सोडून दिला होता, हे आजच्या पोरांना माहीतही नसतं.

२००८ मध्ये अमेरिकेनं लहान मुलांच्या खेळण्यांतल्या वगैरे थॅलेटवर, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनावर, ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, मग बाहेरचे बायर शाईचेही रिपोर्ट मागायला लागले आणि थॅलेट नसलेलं प्लास्टिसॉल आलं. नाशिकच्या लोकल मालाला त्याचा फार फरक पडला नाही. फरक पडला पॉलिस्टरनं. प्रचाराचे, मंडळांचे, मॅरेथॉनचे टी-शर्ट स्वस्त पॉलिस्टरवर गेले आणि १६० डिग्रीला त्यातला रंग उडून शाईत शिरायला लागला, भगव्यावर पांढरी अक्षरं छापली की दोन दिवसांत पीच रंगाची. त्यावर कापडाचा रंग सहजी न ओढणारा लो-ब्लीड पांढरा, त्याच्या खाली तो रंग अडवणारा राखाडी ब्लॉकर, आणि गेल्या काही वर्षांत १३० च्या आसपास पकणाऱ्या शाया हे उपाय आले, पण ड्रायरचं टेंपरेचर डिस्प्लेवर बघायचं नाही, टी-शर्टच्या पृष्ठभागावर मोजायचं. हे आजही अर्धे लोक करत नाहीत.

आणि मग डीटीएफ आलं, म्हणजे डिझाइन डिजिटल मशीननं फिल्मवर छापायचं आणि गरम प्रेसनं टी-शर्टवर चिकटवायचं. पन्नास-शंभर पीसची, फोटोसारख्या डिझाइनची ऑर्डर तिकडे गेली आणि ती परत येईल असं वाटत नाही. स्क्रीनकडे राहिला तो मोठा लॉट, दोन-तीन रंगांचा, शिवलेला, बहुतेक पॉलिस्टर, आणि तारीख अगदी डोक्यावर आलेली. सिंहस्थाचा माल नेमका असाच असणार, त्याला सहा रंगांचं गोल मशीन आणि लांब ड्रायर पुरतो. ओव्हलला जागा किती लागते ते आधी टेपनं मोजा आणि अंबडच्या गाळ्याचं भाडं बघा.