नेटवर्क केबल

संगणक, फोन, कॅमेरे यांच्यातली माहिती वाहून नेणारी तांब्याची तार किंवा काचेचा तंतू. पिळाच्या जोड्यांची केबल, समाक्ष केबल आणि ऑप्टिकल फायबर हे तिचे मुख्य प्रकार.

पिळाच्या जोड्यांच्या केबलला बोलण्यात सगळे ‘लॅन केबल’च म्हणतात. आवरण सोललं की केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार जोड्या, म्हणजे आठ तारा दिसतात. खरी करामत पिळात आहे. जोडीतल्या एका तारेवरून संदेश सुलटा, तर दुसरीवरून तोच उलटा होऊन जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळामुळे दोघींवर जवळपास सारखा बसतो आणि पलीकडच्या टोकाला वजाबाकीत निघून जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. या केबलच्या प्रतींना ‘कॅट’ आणि आकडा अशी नावं असतात : कॅट-५ई सेकंदाला १ गिगाबिट, तर कॅट-६ए १० गिगाबिट माहिती १०० मीटरपर्यंत नेते.

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हा विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा जुना बाजार. अशा बाजारात केबल घेताना तार पाहूनच घ्यावी. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो; चाकूच्या टोकाने खरवडलं की आतला पांढरट धातू दिसतो. ती वाकवताना लवकर तुटते, आणि त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज दिली तर जास्त तापते. थोडे पैसे वाचवायला ती घेऊ नये.

समाक्ष केबल म्हणजे केबल टीव्हीची जाड वायर : मधोमध तार, भोवती प्लास्टिक, त्यावर धातूची जाळी.

लांबच्या पल्ल्याला फायबरच हवं. काचेच्या तंतूतून दूरवर संदेश नेता येतील हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काचेच्या आवरणासह जाडी १२५ मायक्रॉन. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यातून १५ किलोमीटर गेल्यावरही साधारण निम्मा उरतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. त्यांनी टिपलेले आकाशातले क्षीण संकेत फायबरवरूनच मध्यवर्ती इमारतीत येतात.

रस्ता खोदताना फायबर तुटलं, तर ते वायरसारखं पिळून जोडता येत नाही. कारागीर तंतू सोलतो, अल्कोहोलने पुसतो, टोक काटकोनात कापतो. मग स्प्लायसिंग मशिनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर येतात, विजेची ठिणगी पडते आणि काच काचेत वितळून एक होते. सांध्यावर नळी चढवून ती तापवली, की उरलेला तंतू सैल वेटोळ्यात ट्रेमध्ये ठेवतात.