साहेब ओरडतात म्हणून काम सुधारतं का?

‘कौतुक केलं की माणसं शेफारतात, झापलं की सुतासारखी सरळ होतात.’ कारखान्याचे मालक, सेल्सचे मॅनेजर, बँकेच्या शाखेचे साहेब, सगळीकडे हे वाक्य ऐकायला मिळतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. गेल्या महिन्यात ज्याला केबिनमध्ये बोलावून सुनावलं, त्याचे आकडे या महिन्यात वर गेलेले त्याने स्वतः पाहिलेले असतात. ज्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तो घसरलेलाही पाहिलेला असतो. हा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ही चूक कुठे होते ते कळणं मला कुठल्याही नेतृत्वाच्या कार्यशाळेपेक्षा मोलाचं वाटतं.

पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन एकदा इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो, असा त्यांचा मुद्दा होता. एका अनुभवी प्रशिक्षकाने तो साफ खोडून काढला. उत्तम कसरत केलेल्या कॅडेटची स्तुती केली की पुढची कसरत बिघडते आणि वाईट केलेल्याला फैलावर घेतलं की पुढची सुधारते, असं त्याचं म्हणणं. कानमननी जमिनीवर खडूने खूण केली आणि प्रत्येकाला पाठमोरं उभं राहून तिच्या दिशेने लागोपाठ दोन नाणी फेकायला सांगितली. पहिलं नाणं खुणेजवळ पडलेल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, पहिलं लांब गेलेल्यांचं दुसरं जवळ आलं. मध्ये कोणी कोणाला रागावलं नव्हतं की शाबास म्हटलं नव्हतं.

कुठल्याही महिन्याच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, कसब आणि योगायोग. कसब महिन्याभरात फारसं बदलत नाही, योगायोग मात्र दर महिन्याला नव्याने येतो. समजा तुमचे विक्री प्रतिनिधी महिन्याला सरासरी १०० नग विकतात आणि त्यांच्या आकड्यांतल्या तफावतीचा निम्मा वाटा कसबाचा, निम्मा योगायोगाचा आहे. मग एका महिन्याच्या आणि पुढच्या महिन्याच्या आकड्यांमधला सहसंबंध, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशी किती जुळून चालतात याचं माप, ०.५ येतो. ज्याने ६० नग विकले तो सरासरीच्या ४० खाली आहे. पुढच्या महिन्यात तो ४० च्या निम्म्याने, म्हणजे २० नी खाली असेल अशी अपेक्षा धरायची. म्हणजे ८० नग. १४० विकणारा त्याच हिशेबाने १२० वर येईल. तुम्ही पहिल्याला झापलंत, २० नगांची सुधारणा दिसली. दुसऱ्याची पाठ थोपटलीत, २० नगांची घसरण दिसली. तुम्ही महिनाभर रजेवर असता तरी हेच दिसलं असतं. योगायोगाचा वाटा जितका मोठा, तितका सहसंबंध शून्याच्या जवळ जातो आणि सरासरीकडची ओढ तितकी जोरदार होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली ९२८ जणांची उंची त्यांच्या आईवडिलांच्या उंचीशी ताडून पाहिली, तेव्हा हीच ओढ त्याच्या हाती लागली होती. फार उंच आईबापांची मुलं उंचच होती, पण सरासरीपासून त्यांचं अंतर पालकांच्या सुमारे दोन तृतीयांशच होतं.

अंधश्रद्धा रुजते तीही इथेच. कंपनीचं वर्ष सर्वांत वाईट गेलं की मालक केबिनची दिशा बदलतो, नावात एक अक्षर वाढवतो, नाहीतर अख्ख्या टीमला निखाऱ्यांवरून चालवणाऱ्या शिबिराला पाठवतो. पुढचं वर्ष बरं जातं, कारण सर्वांत वाईटानंतरचं वर्ष बहुधा बरंच असतं. श्रेय मात्र वास्तुतज्ज्ञ किंवा शिबिरवाला घेऊन जातो. निखाऱ्यांवर पाय भाजत नाहीत त्यात आत्मविश्वासाचा काही भाग नाही. राखेने झाकलेल्या कोळशातून उष्णता फार सावकाश वाहते आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकतं, एवढंच त्यामागे आहे.

जपानी उद्योजकांना १९५० साली गुणवत्तेचं शास्त्र शिकवणारे एडवर्ड्स डेमिंग आपल्या व्याख्यानांत एक प्रयोग करून दाखवत. डब्यात हजारो मणी, दर पाचांत एक लाल. लाल मणी म्हणजे खराब माल. श्रोत्यांतले काही जण कामगार व्हायचे. प्रत्येकाने ५० खळग्यांची फळी डब्यात बुडवून वर काढायची आणि लाल मणी मोजायचे. डेमिंग स्वतः फोरमन. ज्याच्या फळीवर लाल कमी त्याला बक्षीस, जास्त आले त्याला तंबी. पुढच्या पाळीत बक्षीसवाला बहुतेक वेळा घसरायचा. हिशेब करून पाहा. फळीवर सरासरी १० लाल मणी येणार. आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरतात याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, इथे ५० × ०.२ × ०.८ याचं वर्गमूळ, सुमारे २.८. त्याची तिप्पट ८.५. म्हणजे २ पासून १८ पर्यंतचा कुठलाही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन समूहात वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली मांडलेला नियंत्रण आलेख याच तत्त्वावर चालतो. सरासरीपासून अशाच तिप्पट अंतरावर वर एक रेषा, खाली एक रेषा. आकडा रेषेबाहेर गेला तर काय झालं ते शोधा. आत असेल तर त्या एका माणसाला केबिनमध्ये बोलावून काहीच हाती लागत नाही.

सगळे आकडे रेषांच्या आत आहेत आणि तरीही माल खराब निघतोय, अशा वेळी काय करायचं? डब्यातले लाल मणी कमी करायचे. कच्चा माल, यंत्राची देखभाल, कामाची रीत हे सगळं डब्यात येतं, आणि डब्याला हात लावायचा अधिकार फळी धरणाऱ्याला नसतो. तो वरच्याला असतो. चांगला नेता कोण, याचं माझं उत्तर हेच आहे: जो फळीपेक्षा डब्याकडे जास्त बघतो.

बोलण्याचा परिणाम अजिबात होत नाही असं मात्र नाही. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली कामावरच्या अभिप्रायाच्या परिणामाबद्दलच्या ६०० हून अधिक तुलना एकत्र केल्या. अभिप्राय दिल्याने काम सरासरीने सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते बिघडलं होतं. रोख कामावरून माणसावर गेला की बिघडण्याचा धोका वाढतो, असं त्यांचं विवेचन आहे.

डबा बदलून खरंच फरक पडतो का, हे तपासायलाही तुलना लागते, आणि ती आपल्याकडेच झाली आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांवर प्रयोग केला. १७ कंपन्यांचे २० कारखाने. त्यांतल्या १४ कारखान्यांना सल्लागारांनी पाच महिने फुकट मदत केली. उरलेल्या ६ मध्ये फक्त महिनाभराची पाहणी झाली. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. बदल साधे होते. कापडातल्या दोषांची रोज प्रकारवार नोंद ठेवायची आणि त्यावर रोज बसून बोलायचं. माग बिघडायच्या आधीच त्याची देखभाल करायची. गोदामातल्या सुतावर लेबल लावायचं. अशा एकूण ३८ पद्धती. पहिल्याच वर्षात उत्पादकता तुलनेच्या कारखान्यांपेक्षा १७ टक्क्यांनी वाढली. तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखानेही काढले.

हे आधीच का केलं नव्हतं? आपला माल आजूबाजूच्यांइतकाच चांगला आहे, धंदा नफ्यात आहे, मग नोंदी कशाला, असं कित्येक मालकांचं म्हणणं होतं. दोष मोजलेच जात नव्हते, त्यामुळे त्यांची किंमत किती पडते हेही दिसत नव्हतं.

संशोधक २०१७ साली पुन्हा त्या कारखान्यांत गेले. सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या, तरीही तुलनेच्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते. काही पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांतही पोचल्या होत्या. बंद का पडल्या, याची दोन कारणं सर्वांत जास्त सांगितली गेली: मॅनेजर बदलला, आणि मालकांना वेळ नव्हता.