पाकिटावरचं तिकीट सोडवू नका
(जुनी टपाल तिकिटं दाखवायला आणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी)

वाड्याची वाटणी झाली, माळा आवरला, की पत्र्याच्या ट्रंकेत पत्रांचं एक बोचकं निघतंच. मग घरातलं हुशार पोरगं परातीत कोमट पाणी घेतं, सगळी तिकिटं भिजवून सोडवतं आणि वाळवून आमच्याकडे आणतं. तोवर बरीचशी किंमत परातीतच गेलेली असते.

गेल्या दिवाळीनंतर एक काका कात्रीनं कापलेली तिकिटं घेऊन आले. त्यातल्या चारमिनारचं चित्र असलेल्या एक आण्याच्या निजामी तिकिटावर उर्दू मोहोरेची, म्हणजे टपाल कचेरीच्या शिक्क्याची, फक्त डावी कड होती. गावाचं नाव कार्डावर राहिलं आणि कार्ड बंबात गेलं.

मोहोरेला एवढं महत्त्व का, तर आपल्याकडे मराठवाड्यात हैदराबादच्या निजामाचं टपाल वेगळं होतं. त्याची तिकिटं 1869 पासून निघाली आणि ती संस्थानाच्या हद्दीतच चालायची. जालन्याहून परभणीला गेलेल्या पत्रावर निजामी तिकीट, तर पुण्याला गेलेल्या पत्रावर इंग्रज सरकारचं. 1950 च्या एप्रिलपासून हे वेगळेपण संपलं. साधं, ढीगभर मिळणारं तिकीटसुद्धा लहान गावाच्या स्वच्छ मोहोरेसह पूर्ण पाकिटावर असेल, तर आम्ही ते आधी हातात घेतो.

राजाराणीचा चेहरा नाही आणि उर्दू अक्षरं ठळक आहेत, तर तिकीट निजामी असण्याची शक्यता मोठी. 1931 च्या मालिकेत तर आपलाच मुलूख आहे: आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार, एक रुपयावर दौलताबादचा मिनार. वर काळ्या शाईत उर्दूत ‘सरकारी’ छापलेलं असेल, तर ते कचेरीच्या टपालाचं.

पण जुनं म्हणजे महाग, हे डोक्यातून काढा. इंग्रज राजा पंचम जॉर्जची वापरलेली कमी किमतीची तिकिटं आमच्याकडे डबाभर आहेत. मात्र तिकीट उजेडासमोर धरून कागदातलं जलचिन्ह बघा. एकच तारा असेल तर ते साधारणपणे लंडनच्या छपाईचं. चांदण्यांची रांगोळी असेल तर 1926 नंतरचं, नाशिकच्या छापखान्यातलं. पुढून दोन्ही सारखीच दिसतात.

दर्जा आम्ही आधी मागून बघतो. तिकीट चिमट्यानं उलटं करून भिंग लावलं, की ओढून काढताना कागदाचा पापुद्रा निघालेली पातळ जागा लगेच दिसते. समोरून कितीही देखणं असो, तिथं भाव पडतो. मग दाते, म्हणजे तिकिटाच्या कडेची दातेरी टोकं. चारी बाजूंचे पूर्ण हवेत. कोपऱ्यातला एक तुटला तरी चालत नाही. चित्र चौकटीत मधोमध असावं. पावसाळ्यात ट्रंकेला ओल लागली की दात्यांवर तांबूस ठिपके येतात. ते घासायला जाऊ नका, आणखी बिघडतं. कोऱ्या तिकिटाला मागचा गोंद मूळचा लागतो. आपल्या उन्हाळ्यात तो तडकतो, म्हणून ट्रंक पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये.

1948 च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाबद्दल रोज कुणी ना कुणी विचारतं. ते खरंच मोलाचं आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही फिरतात. अस्सल तिकीट स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्राव्ह्युअर पद्धतीनं छापलेलं, छटा एकमेकींत मिसळलेल्या. ऑफसेटच्या नकलेत भिंगाखाली सुटे सुटे ठिपके दिसतात. ‘जय हिंद’चं साडेतीन आण्यांचं, 21 नोव्हेंबर 1947 चं वापरलेलं तिकीट मात्र अगदी सहज मिळतं. ते विकायची घाई नको, घरातच ठेवा.

कोर्ट फी, स्टॅम्पपेपर आणि पावतीची तिकिटं टपालाची नव्हेत. त्यांचे शौकीन वेगळे असतात. निजामी स्टॅम्पपेपरवर जमिनीचा कागद असेल तर आमच्याकडे येण्याआधी तो वकिलाला दाखवा. असा कागद आम्ही विकत घेत नाही.

आणताना तिकिटांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. जाड वहीच्या पानांत पाकिटं सपाट ठेवा, पत्र आतच राहू द्या. बघण्याचे पैसे आम्ही घेत नाही. बोचकं मोठं असेल तर सकाळी या, दुपारनंतर दुकानात बसायला जागा नसते.