खाकीतली नायिका: मारधाडपटांतला पोशाख आणि कॅमेरा

‘सिंघम अगेन’ 2024च्या दिवाळीत आला, पण त्याच्या ‘लेडी सिंघम’वरचा वाद वर्षभर आधी, पहिल्या पोस्टरपासूनच पेटला होता. खाकी वर्दीतली नायिका गुंडाच्या तोंडात पिस्तूल खुपसून हसते आहे, असे ते पोस्टर. पुढे नायकाच्या गाजलेल्या पवित्र्यात उभा असलेला तिचा फोटोही आला. काहींना त्यात बरोबरी दिसली, काहींना उसनवारी.

पडद्यावर मारामारी करणारी बाई मुळात वर्दीत नव्हतीच. 1935च्या ‘हंटरवाली’त ती तोंडावर मुखवटा, आखूड पँट, पायात बूट आणि हातात हंटर अशी आली. हे पाहून वितरक मागे हटले, तेव्हा निर्मात्यांनी पदरमोड करून चित्रपट लावला आणि तो मुंबईत 25 आठवडे चालला. या गोऱ्या, सोनेरी केसांच्या नटीला नाव बदलून काळ्या वेणीचा टोप घालायला सुचवले होते. तिने साफ नकार दिला. स्टंट ती स्वतः करायची, त्यामुळे कॅमेऱ्याला काही लपवावे लागत नसे. धडधाकट पुरुषाला खांद्यावर उचलणारी बाई डोक्यापासून पायापर्यंत एकाच चौकटीत दिसे. पुढे स्टंटपट दुय्यम ठरले आणि मोठ्या बॅनरची नायिका साडीत स्थिरावली.

1975 हे वर्ष मात्र नीट पाहायला हवे. ‘दीवार’मधला गोदी कामगार निळ्या शर्टाला पोटाशी गाठ मारून, खांद्यावर दोरखंड टाकून फिरतो. शिवताना शर्ट लांब झाला म्हणून ती गाठ मारली, असे त्या नटाने नंतर सांगितले. चूक शिंप्याची असेल, पण गोदामात खुर्चीवर पाय पसरून गुंडांची वाट पाहणाऱ्या माणसाच्या अंगावर ती गाठ हुकमासारखी दिसते. त्याच वर्षीच्या ‘शोले’त डाकूने धोतर आणि टिळा सोडून लष्करी छापाचे कपडे घातले. त्याची एन्ट्री आठवा: चेहरा नंतर, आधी खडकावर पडणारे बूट आणि खडकावरून घासत जाणारा काडतुसांचा पट्टा. त्याच खडकांत शेवटाकडे नायिका अनवाणी नाचते, फुटलेल्या बाटलीच्या काचांवर. कॅमेरा दोन्ही वेळा जमिनीलगत आहे. बुटांचे दृश्य पाहताना आपण दबून वर पाहतो आणि अनवाणी पायांच्या वेळी खाली, रक्ताकडे. हा भेद लेन्समुळे पडलेला नाही. कोण चालतो आणि कोणाला नाचवले जाते, यामुळे तो पडला आहे.

नायिकेला खाकी मिळाली ती ऐंशीच्या दशकात. खऱ्या आयुष्यात 1972 साली देशाला पहिली महिला आयपीएस अधिकारी मिळाली होती आणि पडद्याला तो नमुना आयता सापडला. पण वर्दीबरोबर अधिकार आला का? 1983च्या ‘अंधा कानून’मध्ये बहीण इन्स्पेक्टर आहे आणि सूड भावाचा आहे, कायदा तिच्याकडे, मारामारी त्याच्याकडे. 1988च्या ‘जख्मी औरत’मध्ये नायिका पोलीस अधिकारी असूनही तिच्यावर बलात्कार होतो आणि कोर्टात न्याय मिळत नाही. मग ती इतर पीडित बायकांना बरोबर घेऊन गुन्हेगारांना शिक्षा देते, म्हणजे वर्दीच्या बाहेर जाऊन. त्या काळच्या अशा कितीतरी चित्रपटांत नायिकेच्या ताकदीला आधी तिच्या देहावरचा अत्याचार लागतो. नायकाला मात्र भावाचा खून किंवा बापाचा अपमान पुरतो. मला हा हिशेब कधीच पटला नाही. 1990च्या ‘कर्तव्यम्’ या तेलुगू चित्रपटाने वर्दीतल्या नायिकेला केंद्रस्थानी ठेवले. त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 1994मध्ये त्याची हिंदी आवृत्ती ‘तेजस्विनी’ आली.

त्यानंतर उघडे पडू लागले ते नायकाचे अंग. 2010च्या ‘दबंग’मध्ये शेवटच्या मारामारीत शर्ट फाटून उडतो. पण नायकाचे उघडे अंग लो अँगलने, म्हणजे कॅमेरा खाली ठेवून वर पाहत, धड आणि चेहरा एकत्र धरून दाखवतात. नायिकेचे तुकड्यांत दिसते, कधी कंबर, कधी पाठ, तेही गाण्यात. 2014च्या ‘मर्दानी’ने हे टाळले. त्यातली क्राइम ब्रँचची अधिकारी बहुतेक वेळ साध्या शर्ट-पँटमध्ये असते आणि कॅमेरा तिच्या नजरेच्या उंचीवर राहतो. त्यापुढे ‘लेडी सिंघम’ मला मागे गेलेली वाटते. पवित्रा नायकाचा, विशेषण त्याच्या नावाचे, आणि मुख्य लढाई पुन्हा पुरुष अधिकाऱ्यांचीच.

तरीही खाकीच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि ती वादात कोणी मांडत नाही. बाईचे स्टंट वर्षानुवर्षे टोप आणि घागरा चढवलेले पुरुष करत आले. ‘शोले’त टांगा हाकण्याचे धोकादायक काम एका स्टंटबाईने केले, तो अपवाद. डुप्लिकेटचा चेहरा दिसू नये म्हणून कॅमेरा लांब जातो किंवा पाठीमागून फिरतो, आणि मारणारी बाई प्रेक्षकाला जवळून दिसतच नाही. शिवाय आखूड, बिनबाह्यांच्या कपड्यांत गुडघ्या-कोपराचे पॅड कुठे दडवणार आणि दोराला अडकवायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, कुठे? जाड कापडाच्या शर्ट-पँटमध्ये हे सगळे मावते. नटीला स्वतः पडता येते, उठता येते आणि कॅमेऱ्याला तिच्या चेहऱ्याजवळ थांबता येते.