ज्वारीवरचा चिकटा : आधी पान उलटा, मग औषध न्या

शेतकरी बंधू-भगिनींनो,

रब्बी ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात आलं, की आमच्या दुकानात एकच मागणी सुरू होते : "पानं काळी पडलीत, बुरशीचं औषध द्या." बुरशीनाशक फवारून आठवडाभर वाट बघितली जाते आणि तेवढ्यात मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, रानभर होतो. हा वाया गेलेला आठवडाच सगळ्यात महागात पडतो.

काळ्या पानावर ओलं बोट फिरवा. काळं पुसलं जाऊन खाली हिरवं पान दिसलं, तर ती काजळी, म्हणजे पानावर वरवर वाढणारी काळी बुरशी आहे. पानाला रोग नाही. मावा पानातला रस शोषतो. त्या रसात साखर भरपूर, पण अंग वाढायला लागणारं नत्र थोडं. म्हणून तो सारखा रस पितो आणि जास्तीची साखर पातळ थेंबांनी बाहेर टाकतो. तोच चिकटा. काजळी त्यावर वाढते, पान झाकलं जातं, दाणा भरत नाही आणि कडबाही खराब होतो.

थेंब वरून खाली पडतात. त्यामुळे तुम्ही आणलेल्या चिकट पानावर बऱ्याचदा मावा नसतोच. तो त्याच्या वरच्या पानाच्या पाठीला, मधल्या शिरेजवळ असतो. पिवळसर मावा असा पानाखाली सापडतो, निळसर हिरवा मावा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत. पांढरी कात दिसली तर समजा, पिल्लं वाढताहेत. मावा नराशिवायच पिल्लं घालतो, ती उबदार हवेत साधारण आठवड्यात स्वतः वीत सुटतात. गर्दी झाली की पंखवाले मावे तयार होऊन शेजारच्या रानात जातात. युरिया जास्त झालेल्या कोवळ्या पिकावर त्यांचा जोर अधिक.

पान बघितल्याशिवाय आम्ही औषध देत नाही, यावर काहींचा राग आहे. पण पानावर ढालकिड्याच्या (लेडीबर्ड) अळ्या किंवा आत मित्रकीटकाची अळी वाढल्याने फुगलेले तपकिरी मावे असतील, तर मावा मारणारे मित्रकीटक कामाला लागलेत. तिथे जहाल औषध मारलं तर तेच आधी मरतात. अशा वेळी आमची विक्री सोडून आम्ही थांबायलाच सांगतो. सुरुवातीच्या माव्याला 5 टक्के निंबोळी अर्क पुरे होतो. तो पानाखाली पोचेल असाच फवारा.

येताना चिकट पान आणि त्याच्या वरचं पान, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. भिंगाखाली लगेच बघून देतो, त्याचे पैसे नाहीत. निंबोळी पावडर आणि पिवळे चिकट सापळे दुकानात आहेत. सापळे पंखवाला मावा यायच्या आधीच लावा.