‘नामशेष’ बव्हेरियन पाइन व्होल जिवंत आहे

बव्हेरियन पाइन व्होल जगातून नाहीसा झाला, असं अजूनही छापून येतं. ते खरं नाही.

व्होल म्हणजे बोथट तोंडाचा, आखूड कान-शेपटीचा, उंदरासारखा दिसणारा प्राणी. दिसतो तसा, पण घरातल्या उंदराच्या कुळातला नव्हे. त्याचं जवळचं नातं लेमिंग आणि हॅमस्टरशी. (नावात पाइन असलं तरी हा झाडावर राहत नाही, जमिनीत बिळं करतो.)

क्लाउस क्योनिग यांनी 1962मध्ये या जातीचं वर्णन केलं, ते जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनजवळच्या एका कुरणातल्या मोजक्या नमुन्यांवरून. पुढे त्या कुरणावर रुग्णालय उभं राहिलं, प्राणी दिसेना, आणि नावापुढे ‘नामशेष’ लागलं. एका कुरणात नाही म्हणजे जगात नाही, हा तर्क मुळातच घाईचा होता!

2000मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या रोफान डोंगरातले व्होल शरीररचना आणि जनुकं तपासल्यावर याच जातीचे ठरले. जवळच्या जाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. आता बव्हेरियातही तो पुन्हा आढळला आहे. मात्र संख्या तुटपुंजी असल्याने धोका टळलेला नाही.